तुमच्या घरचं बी: राखलेलं, हरवलेलं, वानवळ्यातून आलेलं

भात कापून झालं आणि माळ्यावरून आईचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत चुलीची राख आणि राखेत कडवे वाल. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून डब्याला कोणी हात लावला नव्हता. राख चाळली तर दीडशेच्या आसपास दाणे निघाले, दिसायला अगदी धड, किडीचं एक भोक नाही. भिजत घातले. फुगले, बुळबुळीत झाले आणि तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. एकालाही मोड आला नाही.

आमच्या रायगडात जानेवारीत पोपटी लागते, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा. त्या मडक्याचा वास आला की मला आईचा डबा आठवतो. आई दरवर्षी जुने दाणे पेरायची आणि नवे राखेत घालायची. डबा कधी रिकामा नसायचा, म्हणून मला वाटत राहिलं की बी डब्यात टिकतं. कोकणातल्या दमट हवेत असे चार पावसाळे काढणं दाण्याला सहसा झेपत नाही, हे आता कळलं.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे घरचं बी आहे का? कुठून आलं, कसं ठेवता, कोणाला दिलं, कधी फसलं? शेतातलं असो की खिडकीतल्या कुंडीतलं, सविस्तर लिहा.

अकोले, अहिल्यानगर जिल्हा

ताई, वाचून फार वाईट वाटलं. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतीलच. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाण्यासाठी. मी त्यांच्या घरची बियाणे बँक पाहून आले आणि आमच्या बचत गटात विषय काढला. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, बी तर दुकानात मिळतं. मग एका म्हाताऱ्या मावशींनी घरून घेवडा आणला. भुरका दाणा, त्यावर तांबूस रेघा. निम्म्या जणींनी तो बारा-पंधरा वर्षांत पाहिला नव्हता, पण हातात घेतल्याबरोबर सगळ्यांनी ओळखला. दुसऱ्या दिवसापासून पदराच्या गाठीत बांधून एकेक बी यायला लागलं. डांगर, चवळी, अबईच्या शेंगा, नागली, खुरासणी.

आमचा नियम साधा आहे. ओंजळभर न्यायचं, पीक आलं की दोन ओंजळी परत करायच्या. गाडगी शेणामातीनं लिंपतो, दाण्यांत राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो. नागलीची कणसं सुटी न करता चुलीच्या वर आढ्याला टांगतो, धूर लागला की किडा फिरकत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही शिकलो ती फसूनच: एका वाणाचं बी एकाच घरात ठेवायचं नाही. एका पावसात एका बाईंचं घर गळलं आणि आमचा काळभात सगळाच्या सगळा भिजून कोंबला. आता प्रत्येक वाण निदान तीन घरांत असतं, आणि कोणतं कुठे आहे ते गटाच्या वहीत लिहिलेलं असतं.

ठाणे

फ्लॅटमध्ये राख कुठून आणू? मिरची आणि भेंडीचं बी धरलंय, कसं ठेवू?

पुणे, गच्चीवरची बाग

ठाणेकरांना: राख हवीच असं नाही, बी कोरडं हवं. सावलीत इतकं वाळवा की भेंडीची बी नखानं दबता कामा नये. मग घट्ट झाकणाची काचेची बाटली, वर वाणाचं नाव आणि साल, आणि फ्रिजचा खालचा कप्पा. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नका. गार बियांना बाहेरच्या हवेचं पाणी सुटतं. दोन तास जाऊ द्या.

आता माझा अनुभव. टोमॅटोनं कधी दगा दिला नाही. पिकलेलं फळ पिळून गरासकट बी पेल्यात घालायचं, दोन-तीन दिवस आंबू द्यायचं, वर साय धरली की धुऊन ताटलीत पसरायचं. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं. मोठी चूक झाली ती दुधीत. आजोळहून आणलेला दुधी, बुटका, पोट सुटलेला, भाजीला अतिशय गोड. एक वर्ष शेजारच्या गच्चीवर पक्ष्यांच्या घरट्यांसाठी तुंब्याचा वेल लावला होता. दुधी आणि कडू तुंबा एकाच जातीचे. फुलं संध्याकाळी उमलतात आणि अंधारात पतंग इकडून तिकडे फिरतात. त्या वर्षीची फळं गोडच लागली, कारण मिसळ होते ती बियांत. मी निर्धास्तपणे बी धरलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्याच दुधीचा तुकडा जिभेला लावला आणि थुंकून टाकला. कृपा करून कडू दुधी कोणीही खाऊ नका, रस तर मुळीच पिऊ नका, जिवावर बेतलेलं आहे. सगळे वेल उपटले.

सुदैवानं मामीकडे जुनं बी होतं. आता उमलायच्या दिवशी दुपारीच मादी कळीला (जिच्या मागे इवलासा दुधी असतो ती) आणि नर कळीला दोऱ्यानं सैल बांधते. संध्याकाळी सोडून नराचे पराग मादीला लावते, पुन्हा बांधते आणि देठाला लाल लोकर गुंडाळते. लाल लोकरीचं फळ घरात कोणी तोडत नाही. ते वेलावरच वाळून खुळखुळायला लागलं की बी तयार.

लातूर जिल्हा

आमच्याकडं परसबाग नाही, सोयाबीन आहे. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात किती जणांचं सोयाबीन उगवलं नाही हे सगळ्यांना आठवत असेल. माझ्याही पाच एकरांत पिशवीतलं विकतचं बी होतं. आठव्या दिवशी तासात बसून माती उकरली तर दाणा तसाच, वरून सालपट सुटलेलं, आत पिठूळ. दुबार पेरणी केली ती चुलत्याकडच्या घरच्या बियावर. ते उगवलं. त्या दिवसापासून मी बी विकत आणलेलं नाही.

सोयाबीन हे सरळ वाणाचं पीक. आपल्या आपल्यातच फळतं, म्हणून दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं. कपाशीच्या संकरित पिशवीसारखं नाही, तिथं पुढच्या पिढीत सगळं विखरतं. पण सोयाबीनचं साल फार नाजूक. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा, बी सिमेंटच्या खळ्यावर नको, ताडपत्रीवर वाळवा. पोतं ज्यूटचं घ्या, थप्पी उंच नको, आणि पोतं खांद्यावरून आपटू नका. एवढ्यानं आतला कोंब मोडतो आणि वरून काही दिसत नाही.

पेरणीच्या आधी उगवण तपासाच. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट आणि हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून धड कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त असतील तर नेहमीच्या मापानं पेरा, थोडे कमी असतील तर बी वाढवा, फारच कमी असतील तर ते तेलगिरणीला जाऊ द्या. आमच्या घरात हे काम माझी बारा वर्षांची लेक करते. गोणपाट उघडताना ती कोणाला शेजारी उभं राहू देत नाही, मोजण्यात गोंधळ होतो म्हणते.

अजून एक. पुष्कळ जण विचारतात, घरचं बी दुसऱ्याला दिलं तर कायद्यात बसतं का? बसतं. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

पेडणे, गोवा

आमच्या खाजनात, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कोरगूट भात. एका वर्षी बांध फुटला आणि नदीचं खारं पाणी शेतात शिरलं. पाणी ओसरल्यावर सुधारित भात पिवळं पडून बसलं, कोरगूट उभं राहिलं. तेव्हापासून वडिलांनी निम्मं शेत त्यालाच ठेवलं. हरमलच्या मिरचीचं बी मात्र आईच्या ताब्यात. ती पहिल्या तोडीच्या मिरच्या निवडून सुपात वेगळ्या वाळवते, आणि मुलगी सासरी जाते तेव्हा पुडी देते. माझ्या बहिणीच्या दारात आज तीच मिरची आहे.

न्यू जर्सी

पहिल्या खेपेला आईनं वालाची पुडी दिली. विमानतळावर मी ती दाखवली आणि ती काढून घेतली गेली. परवान्याशिवाय बी आणता येत नाही, नियम योग्यच आहे. मग इथल्याच एका गुजराती काकींनी त्यांच्या पापडी वालाच्या बिया दिल्या. मे महिन्यात पेरल्या, वेल कुंपणभर पसरला, पण फूल काही येईना. वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फुलायचं सुचत नाही. फुलं आली सप्टेंबर सरताना आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हिमानं एका रात्रीत वेल काळा केला. त्या आधी जून झालेल्या शेंगा होत्या तीन. त्यांतलंच बी धरलं. पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यात आधी फुललेल्या वेलाचं. चार वर्षं हेच केलं. आता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फूल दिसतं आणि एक वेळचं बिरडं होण्याइतके दाणे मिळतात.

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या जुन्या कार्डांचे खण बियाण्यांना दिलेत. वसंतात बी घेऊन जायचं, शरदात थोडं परत आणायचं. तिथल्या एका खणावर मी माझ्या अक्षरात ‘वाल’ लिहिलंय.

रायगडच्या ताई, एक विचारते. तुमच्या आईंच्या वालाचं फूल पांढरं की जांभळं? आणि दाण्याच्या डोळ्याची रेघ कशी? इतर कोणाकडे तोच वाल असेल तर एवढ्यावर ओळखता येईल.

धागा काढणारी, रायगड

हा प्रश्न वाचला आणि मला उत्तर देता येईना. लहानपणापासून त्या वालात वावरले, पण फुलाचा रंग नक्की सांगता येत नव्हता. काल मोठ्या काकूला फोन केला. ती म्हणाली, पांढरं गं, आणि दाणा बारीक, तांबूस, डोळ्याची रेघ पांढरी. मग म्हणाली, विचारतेस कशाला, माझ्या डब्यात आहे की. तुझ्या आईनंच दिलेला, मी सून होऊन आले त्या वर्षी. दरवर्षी टाकते थोडा बांधाकडेला.

आज सकाळी जाऊन आणला. लातूरच्या दादांनी सांगितलं तशा गोणपाटावर दहा-दहाच्या दोनच ओळी मांडल्यात, जास्त दाणे खर्चवत नाहीत. शेतात भाताच्या खुंटात अजून ओल आहे. मोड आले तर याच आठवड्यात पेरेन. अर्धा पावशेर काकूकडेच ठेवून आले, आणि एक पुडी अकोल्याच्या ताईंच्या वहीत लिहून घ्यायची आहे. पत्ता निरोपात कळवा.