शब्दचर्चा: जन्मजात, आनुवंशिक, जनुकीय

चिंचोका:
पालकांच्या एका ग्रुपसाठी कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम या मुलांच्या वाढीवर आणि विकासावर परिणाम करणाऱ्या दुर्मीळ विकारावरचं माहितीपत्रक मराठीत होतंय. मसुद्यात सगळीकडे 'आनुवंशिक' आलंय, आणि एका आईने विचारलं की हे सासूबाईंना वाचायला कसं देऊ, त्या म्हणणार आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, तुमच्याकडूनच आलं असणार. मग कोणता शब्द घ्यावा? काहींचं मत 'जन्मजात' लिहा.

सुपारी:
जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं, बस. कारण काहीही असू शकतं. आईला गरोदरपणात रुबेला होऊन बाळाला मोतीबिंदू किंवा बहिरेपणा आला तर ते जन्मजातच, पण जनुकांचा काही संबंध नाही. थॅलिडोमाइड या औषधाचंही तेच, गोळी आईने घेतली आणि मुलांचे हातपाय खुंटले. उलट हंटिंग्टन हा मेंदूचा आजार पक्का आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसतात, त्याला कोण जन्मजात म्हणेल!

घारू:
'जनुकीय' लिहा हो. आनुवंशिक म्हटलं की पिढ्यांकडून आलेलं असंच डोक्यात येतं, आणि या सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा तसं नसतंच. २००४ साली एनआयपीबीएल हा जनुक सापडला, त्यातला बदल बहुतेक मुलांमध्ये नवा कोरा असतो, आईबाबांच्या रक्तात तो सापडत नाही. काबुकी सिंड्रोम या दुसऱ्या दुर्मीळ विकाराचंही तसंच, वर्णन झालं १९८१ मध्ये जपानात आणि मुख्य जनुक सापडायला २०१० उजाडलं. त्याच्या नावात आधी मेकअपही होता, काबुकी नाटकातल्या रंगवलेल्या डोळ्यांवरून, पण ते पालकांना खटकायचं म्हणून गळलं. शब्द लागतात हो लोकांना.

टवाळ:
मग डाउन सिंड्रोमला पण जनुकीय म्हणणार का? तिथे जनुक बिघडलेलाच नाही, २१ नंबरचं गुणसूत्र अख्खं जास्तीचं आहे, हे तर १९५९ पासून माहितीये. गुणसूत्रीय म्हणा.

घारू:
टवाळ, बरोबर, पण मोठ्या छत्रीखाली जनुकीय चालतं, नेमकं लिहायचं तिथे गुणसूत्रीय. आणि डाउनमध्ये साधारण ९५ टक्के वेळा बीजपेशी (शुक्राणू किंवा स्त्रीबीज) तयार होतानाच गुणसूत्राची वाटणी चुकलेली असते, म्हणजे घराण्याचा प्रश्नच नाही. थोड्या घरांत मात्र आई किंवा बाबा स्वतः ठणठणीत असून अदलाबदल झालेलं, म्हणजे दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं गुणसूत्र बाळगून असतात. तिथे आनुवंशिक शब्द अगदी योग्य.

सुपारी:
आणि 'आमच्या घराण्यात नाही' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही हेही लिहा. स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम या विकारात शरीराला कोलेस्टेरॉल नीट बनवता येत नाही, डीएचसीआर७ या जनुकाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून यावी लागते, आईबाबा दोघंही नुसते वाहक (एकच बिघडलेली प्रत, स्वतः निरोगी), खानदानात कधी कोणाला झालेलं नसतं आणि तरी आजार शंभर टक्के आनुवंशिक, प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के.

चिंचोका:
मग नव्या बदलाला काय म्हणू? 'नवोत्परिवर्तन' सुचवलंय कोणीतरी.

टवाळ:
ते वाचून आजी पत्रक बाजूला ठेवेल. 'बाळात नव्याने झालेला बदल' लिहा. आणि सासूबाईंसाठी एक ओळ हवीच, की असे डीएनएच्या एका अक्षराएवढे नवे बदल आपल्या सगळ्यांतच असतात आणि त्यातले जास्त वडिलांच्या शुक्राणूतून येतात, वडिलांचं वय वाढेल तसे वाढतात. म्हणजे सुनेकडे बोट दाखवायची घाई नको 😄

घारू:
ते लिहा, फक्त त्याच्या जोरावर सासूबाईंच्या मुलाकडे, म्हणजे बाळाच्या बाबांकडे बोट वळू देऊ नका, कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं. आणि हो, 'अनुवांशिक' नको, 'आनुवंशिक', निदान पत्रकात तरी.

सुपारी:
एक राहिलं. 'नव्याने झालेला' लिहिलं की लोक धरून चालतात पुढच्या बाळाला धोका शून्य. तसं नाही, कधीकधी आई किंवा बाबांच्या काही बीजपेशींतच तो बदल असतो, रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून साधारण एखादा टक्का धोका सांगतात. 'पुढच्या वेळी जनुकीय सल्लागारांशी बोला' ही ओळ ठळक टाईपात टाका.