बाथ : बोगदे आणि कालवाकाठ, एकाच फेरीत

इंग्लंडमधल्या बाथहून सायकलने फिरायचं तर ब्रिस्टलकडचा, जुन्या रेल्वेमार्गावरचा सपाट, डांबरी १३ मैलांचा रस्ता आहेच. पण एक दिवस हाताशी असेल तर मला दक्षिणेकडची फेरी उजवी वाटते: टू टनेल्स (रेल्वेच्या दोन जुन्या बोगद्यांतून जाणारी वाट), मिडफर्ड गाव, डंडस जलसेतू (कालवा नदीवरून नेणारा पूल) आणि केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने परत बाथ. साधारण २१ किमी.

सुरुवात बोगद्यांच्या बाजूनेच करा. १९६६ साली बंद पडलेल्या सॉमरसेट-डॉर्सेट रेल्वेचा हा १:५०चा (५० मीटरला १ मीटर) चढ. पाय ताजे असताना जाणवतही नाही. आधी डेव्हनशायर बोगदा, मग १,६७२ मीटरचा कूम डाउन बोगदा. आत दिवे आहेत, पण मंद. पुढचा दिवा स्थिर ठेवून खाली झुकवा. लुकलुकणारा दिवा समोरून चालत येणाऱ्याचे डोळे दिपवतो. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, पातळ जाकीट लागतंच. थंड पडलेल्या चष्म्यावर बाहेर येताच वाफ धरते, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशीच वेग कमी करा.

मिडफर्ड ते मंकटन कूम हा तुकडा साध्या रस्त्यावरचा, छोटे पण खडे चढ असलेला. इथे गिअर आधीच उतरवून ठेवा.

कालवाकाठ खडीचा, पावसानंतर चिखलाचा. २५ मिमीचे टायर घसरतात. ३५ मिमी टायर आणि ७० किलोचा स्वार असेल तर हवेचा दाब ४५-५० पीएसआय पुरे. पुलांखाली वाट अरुंद आणि आंधळी होते. घंटी वाजवा, गरज पडली तर सरळ सायकलवरून उतरा. शरद-हिवाळ्यात कुंपणं छाटली की काटे वाटेवर पडतात, म्हणून दोन ट्यूब घ्या. आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपा. काटा तिथेच राहिला तर तीही जाणारच.