पी टॅगमध्ये आडवी रेघ टाकली की व्हॅलिडेटर चूक दाखवतो

गडवाट:
मी गडांच्या भटकंतीवर लिहिते. परवा राजगड लिहिला: पद्मावती, सुवेळा, संजीवनी आणि बालेकिल्ला. प्रत्येक टप्प्यानंतर रेघ हवी होती. आधी मी बरोबरच्या चिन्हांची लांब ओळ टाकायचे. मोबाइलवर ती स्क्रीनबाहेर जायची. माझ्या मामाला दिसत नाही, तो लेख स्क्रीन रीडरवर ऐकतो. त्याला दर टप्प्याला 'इक्वल्स, इक्वल्स' ऐकावं लागायचं. म्हणून एचटीएमएलमधला (वेबपान लिहायची भाषा) आडवी रेघ काढणारा एचआर टॅग घेतला आणि परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये टाकला. आता व्हॅलिडेटर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारं साधन, म्हणतो, पी बंद होतोय पण उघडा पी कुठेच नाही. मी तर उघडलाय! रेघेची रुंदी, जाडी आणि सावली ठरवणाऱ्या विड्थ, साइज आणि नोशेडवरही लाल खूण आहे.

जुना जुळारी:
ताई, एचआर परिच्छेदाच्या आत बसत नाही. तो दिसताच ब्राउझर चालू पी स्वतःच बंद करतो, मग तुमचा खालचा बंद करणारा टॅग एकटा पडतो. आधी परिच्छेद संपवा, मग एचआर, मग नवा पी. एचआरला बंद करणारा टॅग नसतो. विड्थ, साइज, नोशेड हे एचटीएमएल ४ मध्येच नापसंत ठरले होते, ५ मध्ये बाद झाले. ते काम सीएसएसला (पानाचं रूप ठरवणारी भाषा) द्या: बॉर्डर शून्य, मग बॉर्डर-टॉप १ पिक्सेल सॉलिड, विड्थ ४० टक्के, मार्जिन २ ईएम ऑटो. बॉर्डर शून्य करायचं विसरू नका, नाहीतर ब्राउझरची खोलगट किनार बाकीच्या बाजूंना तशीच राहते.

एक विचारतो. माच्यांना मथळे आहेत का? एचटीएमएल ५ मध्ये एचआरचा अर्थ 'इथे विषय पालटला' असा आहे, आणि बरेच स्क्रीन रीडर तिथे 'सेपरेटर' म्हणतात. मथळा असेल तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. नुसती शोभा हवी असेल तर मथळ्यालाच बॉर्डर-बॉटम द्या.

पाटीपेन्सिल:
मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहीत असाल तर रेघेसाठीच्या तीन डॅशच्या वर एक ओळ रिकामी सोडा. मी सोडली नव्हती, तर वरची ओळच मोठा मथळा होऊन बसली.

गडवाट:
मथळे आहेतच, हे लक्षातच आलं नव्हतं! माच्यांमधल्या सगळ्या रेघा काढल्या. एकच ठेवली, गड उतरून गुंजवण्याच्या मुक्कामाकडे वळते तिथे. त्याला मथळा नाही. व्हॅलिडेटर हिरवा झाला. रात्री मामाने पूर्ण लेख ऐकला, आणि 'सेपरेटर' आल्यावर म्हणाला, "उतरलीस वाटतं."