मदत हवी आहे: नेरुळच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूंच्या मागण्या थांबत नाहीत

नमस्कार मंडळी. नेरुळला बाबांचा सिडकोच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट भाड्याने दिलाय. लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवलेला आहे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच). पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली, ती लगेच दुरुस्त करून दिली. ते आमचं कामच होतं. पण आता मॉड्युलर किचन हवं, दुसरा एसी हवा, चांगला चालणारा गिझर बदलून हवा. नाही म्हटलं की भाडं अडवतात आणि रात्री उशिरा बाबांना फोन करतात. बाबा पंचाहत्तरीचे आहेत, बीपीचा त्रास आहे. त्यांची झोप उडालीये आणि मला ते बघवत नाही.

करारात किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, एवढंच लिहिलंय. किरकोळ म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही करारात कसं लिहिता? अडवलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं, की आधी वकिलाची नोटीस पाठवावी? मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार दुप्पट भाडं मागता येतं, पण मुदत अजून बाकी आहे.

पाणी-वीज तोडायचे सल्ले कृपया नकोत. तो गुन्हा आहे, शिवाय त्यांच्या घरात लहान बाळ आहे. नवी मुंबईतला चांगला वकील माहीत असल्यास जरूर कळवा.