मदत हवी आहे: लाइफबोट वर घेताना हुक नीट लागलाय हे कसं ओळखायचं?

लातूरकर_डेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी) म्हणून जॉइन होतोय, एलएसए (जीव वाचवायची साधनं) माझ्याकडंच येणार. ग्रॅव्हिटी डेव्हिट (बोट तिच्या वजनानं खाली सोडणारे हात), दोन्ही बाजूंना बंद लाइफबोटी, ऑन-लोड हुक (भार असतानाही सुटणारे). हँडओव्हर नोट वाचायलोय, त्यात लिहिलंय: "बोट पाण्यात असताना हायड्रोस्टॅटिक इंटरलॉक लॉक दाखवत नाही. एफपीडी लावून हॉइस्ट करणे." (इंटरलॉक म्हणजे हुकाचं रिलीज हँडल अडवणारं कुलूप, एफपीडी म्हणजे हुक चुकून उघडला तरी बोट पडू नये म्हणून लावायचा स्ट्रॉप, म्हणजे पट्टा.) हे चालतंय का? आणि लिमिट स्विच (बोट वर आली की मोटर थांबवणारा) कसा तपासायचा?

गोदाकाठ
पाण्यात लॉक न दिसणं हा बिघाडच नाही भाऊ. बोट तरंगली की तळाच्या डायफ्रॅमवर दाब येतो, तो वर उचलला जातो आणि रिलीज हँडल मोकळं होतं. उलट पाण्यात लॉक दिसलं तर चौकशी करा.

पण इंटरलॉकचा आणि हुक बसण्याचा संबंध नाही, इथंच बरेच जण फसतात. इंटरलॉक फक्त हँडल अडवतो. हुकावरचं वजन पेलतो तो कॅम, म्हणजे हुक मिटून धरणारा फिरता तुकडा. तो अर्धाच फिरला तरी हुक वरून मिटलेला दिसतो आणि भार आला की उघडतो. म्हणून रीसेट केल्यावर पुढच्या आणि मागच्या दोन्ही हुकांपाशी माणूस पाठवून कॅमवरच्या खुणा जुळल्यात का ते डोळ्यांनी बघायचं. हँडल पूर्ण घरात, सेफ्टी पिन आत. पिन जोर लावून घालावी लागत असेल तर केबल तपासा. बाहेरचं आवरण तडकलं की खारं पाणी शिरतं, आतली तार गंजून फुगते, मग हँडल जागेवर येतं पण कॅम मागं राहतो. आफ्ट (मागच्या) हुकाची केबल बहुधा लांब आणि जास्त वळणांची, म्हणून तक्रार तिकडूनच येते.

मग फॉल (बोट टांगलेली वायर) ताणून बोट पाण्याच्या जेमतेम वर घ्या आणि थांबा. आता इंटरलॉक खाली पडून लॉक दिसायलाच हवा. नाही दिसला तर बोट परत पाण्यात टेकवा.

बालाघाट_बोसन
एफपीडीबद्दल. सिंथेटिक स्ट्रॉप हवा, सेफ्टी फॅक्टर ६. साखळी किंवा वायर चालत नाही, झटका शोषत नाही. एक टोक फॉलच्या लिंकला, दुसरं हुकाच्या पक्क्या भागाला. उघडणाऱ्या भागात अडकवला तर असून नसल्यासारखा. बोट पाण्यावर टेकली की काढायचा, वर घेण्याआधी परत लावायचा. काढायला विसरला तर हँडल ओढूनही बोट सुटत नाही.

आणि फॉल वायर तुटली तर एफपीडीचा काही उपयोग नाही, तो फक्त हुकाची चूक झाकतो. २०१३ मध्ये सांता क्रूझ दे ला पाल्मा इथं थॉमसन मॅजेस्टी जहाजाच्या बोटीचा फॉल ड्रिलमध्ये तुटला, ५ खलाशी गेले. वायर ५ वर्षांत बदलायचीच, पण बोट जागेवर असताना शीव्हवर (पुलीवर) वाकून बसलेला तुकडा आधी बघा. वरून ग्रीस चकचकीत आणि आत गंज, असं सर्रास असतं.

गोदाकाठ
लिमिट स्विच: हॉइस्ट सुरू करण्याआधी, बोट बाहेर असताना मोटर चालू करून स्विचचा दांडा हातानं दाबा. मोटर लगेच थांबली पाहिजे. रंगाच्या थरानं किंवा मिठानं तो जाम होतो, मग डेव्हिटचे हात स्टॉपला टेकल्यावरही मोटर ओढत राहते आणि वायर तुटते. शेवटचं थोडं अंतर विंचच्या हातानं फिरवायच्या हँडलनं. हँडल घातलं की मोटरची वीज तुटते का, तेही बघून घ्या.

लातूरकर_डेक
लई आभार दादा. ब्रेकचं काय?

बालाघाट_बोसन
ट्रॅक्टरच्या उलट समजा: सोडला की लागतो, कारण लिव्हरवर वजन आहे. बोटीतून ओढायची रिमोट वायर कुठं अडकली तर लिव्हर खाली येत नाही, म्हणून तिच्या पुल्या आधी बघा. वेग सेंट्रिफ्यूगल ब्रेक सांभाळतो. लायनिंगला ग्रीस लागलं असेल तर बोट घसरते. १.१ पट भाराची चाचणी ५ वर्षांनी, ती अधिकृत सर्व्हिसवाल्यानंच करायची, तुम्ही हात घालू नका. तिमाही ड्रिलला आधी रिकामी बोट खाली-वर करून घ्या, मग माणसं बसवा. आणि ती नोट चीफ मेटला दाखवून बदलून घ्या.