ताश्कंदला हॉस्टेलात राहावं का? पन्नाशीच्या पुढच्यांनी तर नक्की राहावं, असं माझं मत

कृष्णाकाठ

आमच्या भिशीतल्या दोघी ऑक्टोबरात उझबेकिस्तानला निघाल्यात. मी त्यांना सांगितलं, ताश्कंदमध्ये हॉटेल घेऊ नका, जुन्या शहरातल्या एखाद्या हॉस्टेलात राहा. त्यावर एकीचा मुलगा म्हणाला, "काकू, हॉस्टेल पोरांसाठी असतं. या वयात आईला दुमजली पलंगावर कशाला चढवताय?" मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मी ५४ वर्षांची. गेल्या वर्षी मे महिन्यात एकटीच गेले होते. ताश्कंदमध्ये पाच रात्री, चोरसू बाजाराच्या मागच्या मोहल्ल्यात, बायकांच्या सहा खाटांच्या खोलीत. रात्रीचे साधारण ९ डॉलर, नाश्ता धरून. बाहेरून बघाल तर नुसती मातीची भिंत आणि एक दार. रस्त्याकडे खिडकीच नाही. आत पाऊल टाकलं आणि आजोळचा वाडाच आठवला. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, चौकात तुतीचं झाड. ते लोक याला 'होवली' म्हणतात, म्हणजे आपली हवेलीच. झाडाखाली 'तापचान', कठडा असलेला मोठा लाकडी चौथरा, त्यावर जाड गोधडीसारख्या लांब बैठका. मे संपत आला की तुती पिकतात आणि दिवसभर टपाटप पडत राहतात. माझ्या पांढऱ्या ओढणीवरचा जांभळा डाग अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवायचा प्रयत्नही सोडलाय.

घर चालवणाऱ्या बाईंना सगळे 'ओपा' म्हणायचे, म्हणजे ताई. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे खुणा करत "सब्जी" मागितली, तर त्यांनी माझ्या हातात गाजरं ठेवली! उझबेकमध्ये सब्जी म्हणजे गाजर. मग त्यांनी फडताळातला डबा उघडून दाखवला. आत हिरवे मूग. त्यांना ते 'मोश' म्हणतात आणि मूग-तांदळाच्या खिचडीला 'मोशकिचिरी'. खिचडी हा शब्द तिथे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्या मांस घालून करतात, मी माझी हिंग-हळद घालून केली. एकाच शेगडीवर दोन पातेली शेजारी शेजारी रटरटत होती.

शेजारच्या खाटेवर खोरेझम प्रांतातून डोळे दाखवायला आलेल्या एक आजी होत्या. आमची सामाईक भाषा शून्य. रोज संध्याकाळी त्या मला चहा द्यायच्या. आधी चहा पियाल्यात ओतायचा, परत किटलीत टाकायचा, असं तीनदा. मग अर्धाच पियाला भरून पुढे करायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हात आखडता घेतला. ओपांनी समजावलं की अर्धा पियाला म्हणजे मान. पुन्हापुन्हा भरून द्यायची संधी हवी म्हणून अर्धा. पूर्ण भरून दिला तर त्याचा अर्थ, आता निघा.

हे हॉटेलच्या खोलीत कुणी मला शिकवलं असतं? सात दिवसांत चार शहरं दाखवणाऱ्या सहलीत आपण देश बसच्या काचेतून बघतो. आपल्या वयाच्या माणसांना स्वयंपाकघर कळतं, म्हातारी माणसं कळतात. हॉस्टेलचा खरा फायदा आपल्यालाच आहे.

पेन्शनीतला_प्रवासी

ताई, लिहिलंय फार सुंदर, पण मी ठाम असहमत. वय ६६. आम्ही दोघं मागच्या वर्षी अशाच कौतुकाला भुलून गेलो होतो. हिला गुडघ्याचा त्रास, मला रात्री तीनदा उठावं लागतं. संडास चौकाच्या पलीकडे. पहाटे तीनला विमानातून उतरलेली दोन मुलं खोलीत आली आणि पाऊण तास पाठपिशव्यांच्या चेनी उघडत-मिटत बसली. त्यांचा दोष नाही, त्यांची वेळच ती होती. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला समरकंदची गाडी धरायची होती, आणि सव्वादोन तासांच्या त्या सुंदर प्रवासात आम्ही दोघं घोरत होतो.

हिशेबही मांडा. दोघांच्या दोन खाटा म्हणजे १८ ते २० डॉलर. स्वतंत्र न्हाणीघर असलेली लहान हॉटेलातली खोली आम्हाला पुढे २८ ला मिळाली. वाचले किती? सातशे-आठशे रुपये. त्यासाठी झोप घालवायची?

एक मनातलं सांगतो. मी गिरगावात चाळीत वाढलो. सकाळी डबा घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहण्यात आयुष्याची पंचवीस वर्षं गेली. शेजारधर्म, एकत्र चहा, सगळं भरपूर मिळालं. आता दाराला आतून लावलेली कडी हेच मला सुख वाटतं. त्याला कुणी बसच्या काचेतून बघणं म्हटलं तर वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

काका, ते वाक्य मी तुम्हाला दुखवायला लिहिलं नव्हतं, पण दुखवून गेलं हे खरं. मागे घेते. मात्र हॉस्टेल म्हणजे दुमजली पलंगच असं नाही. मी राहिले तिथेच दोन स्वतंत्र खोल्या होत्या, एकीला आतच न्हाणीघर. भाडं जवळपास तुमच्या हॉटेलइतकंच, पण चौक आणि शेगडी सगळ्यांची. काकूंना गुडघ्याचा त्रास असताना मीही सहा खाटांची खोली सुचवणार नाही.

नांदेड_ते_समरकंद

मी समरकंदला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. मराठवाड्यातली बरीच मुलं आहोत इथं. इथं येणारे काका-मावशी आम्हाला विचारतात, म्हणून सांगतो: स्वस्त जागा बघताना आधी चौकात तुती आहे का ते बघू नका, नोंदणी करतात का ते विचारा.

उझबेकिस्तानात पोहोचल्यापासून तीन दिवसांच्या आत परदेशी माणसाची राहत्या पत्त्यावर नोंदणी व्हावी लागते. परवाना असलेलं हॉटेल किंवा हॉस्टेल ती ऑनलाइन करून देतं, तुम्हाला फक्त पासपोर्ट द्यायचा असतो. पण काही लोक फ्लॅटमध्ये आठ पलंग टाकतात आणि हॉस्टेल म्हणून जाहिरात देतात. तिथं नोंदणी होत नाही. माझे एक नातेवाईक अशाच ठिकाणी ताश्कंदला चार रात्री राहिले. पुढं बुखाऱ्याच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आधीच्या चार रात्रींची चिठ्ठी कुठंय? ते घामाघूम. मला फोन केला. अर्धा दिवस फोनाफोनीत गेला, दंड होतो की काय या भीतीनं मामीला जेवण गेलं नाही. शेवटी निभावलं. पण माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. भाषा येत नसेल तर सगळ्यात स्वस्त जागा घेऊच नका. दुसरा पर्याय म्हणजे कौटुंबिक मेहमानघरं. घरातलेच लोक चालवतात, खोली स्वतंत्र, नोंदणी चोख.

अजून एक. शहरातली बरीच हॉस्टेलं पर्यटकांची नाहीतच. गावाकडून कामाला आलेले मजूर आणि परीक्षेला आलेली पोरं तिथं महिना-महिना राहतात. माणसं चांगली असतात, पण ती थकून झोपायला आलेली असतात. आपण तिथं गप्पांची अपेक्षा घेऊन जाणं बरं नाही.

एकटीच_निघाले

वय २९, पुण्यात नोकरी. मला दोन्ही बाजू कळतात, तरी माझा कौल विरोधातच आहे, आणि कारण उझबेक माणसं नाहीत.

मी ज्या हॉस्टेलात होते तिथे बायकांची खोली वेगळी, पण चौक आणि स्वयंपाकघर एकच. दुसऱ्या रात्री सात जणांचा घोळका आला. आपल्याकडचेच, दोघे तर मराठी बोलणारे. बाटल्या उघडल्या, चौकात मोठ्यानं गाणी लावली, आणि तिथे काम करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला तिचा रात्रीचा "रेट" विचारला. मराठीत आपसात काय काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द कळत होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी बाहेर येऊन मराठीतच सुनावलं. ते गप्प झाले, पण त्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही. मालकानं त्यांना सकाळी जायला सांगितलं. पुढच्या शहरात मी खोली विचारायला गेले तर पहिला प्रश्न, "तुमच्याबरोबर ग्रुप आहे का?" लाज वाटली हो.

या देशात भारताबद्दल इतकं प्रेम आहे. म्हातारी माणसं राज कपूरचं नाव घेतात, ताश्कंदमध्ये शास्त्रीजींचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आणि आपण काय घेऊन जातो? कृष्णाकाठ ताई, तुम्हाला ओपा भेटल्या हे तुमचं नशीब. हॉस्टेलात शेजारी कोण येणार हे आपल्या हातात नसतं, आणि हॉटेलात निदान दार लावून घेता येतं.

वरणभात_तूप

शाकाहारींसाठी हॉस्टेल हाच उपाय, असं वरच्या लेखावरून कुणाला वाटेल. मी पाळून शाकाहारी आहे, म्हणून सांगते. सामाईक भांडी म्हणजे काल त्याच कढईत मेंढीचं मांस परतलेलं असतं. बाहेर भोपळ्याचा सामसा शाकाहारी म्हणून घ्याल, तर त्यात चवीला दुंब्याची, म्हणजे मेंढीच्या शेपटीची, चरबी बऱ्याचदा असते. 'गोश्तसिझ', बिनमांसाचं, असं सांगितलं तरी चरबी त्यांच्या लेखी मांस नसते. चोरसूतली गरम नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि कोरियन बायका विकतात ते आंबट-तिखट गाजर, यावर माझे दिवस छान गेले. (ही कोरियन कुटुंबं १९३७ मध्ये स्टालिननं सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाकडून उचलून इथे आणून टाकलेली. त्यांना लोणच्याला कोबी मिळेना, म्हणून गाजर. दर वेळी घास घेताना ते आठवायचं.) माझी लहान कुकर आणि विजेची शेगडी बरोबर होती, आणि स्वतंत्र खोलीतच ती वापरता येते.

दुसरा_जिना

स्वतंत्र खोलीत विजेची शेगडी लावू नका. हात जोडून सांगतो. मी पुण्यात इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करतो.

३० नोव्हेंबर २०२३ ला पहाटे कझाकस्तानात अल्माटीतल्या एका हॉस्टेलला आग लागली. तीन मजली रहिवासी इमारत, हॉस्टेल खालच्या मजल्यावर आणि तळघरात. १३ माणसं गेली, कझाक, रशियन आणि उझबेक नागरिक. स्वस्तात राहायला आलेलीच माणसं होती ती. तेव्हापासून या विषयावर मला झोप, शेजार, चव हे सगळं दुय्यम वाटतं.

धूर ज्वाळेच्या आधी पोहोचतो. तळघरात खिडकी नसते, असली तर गज असतात, आणि बाहेर पडायला एकच अरुंद जिना. त्यात दहा-बारा दुमजली पलंग, प्रत्येकाला लोंबणारे चार्जर. मध्य आशियातल्या हिवाळ्यात आणखी एक भीती, गॅसच्या बंबाचा कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

पण कृष्णाकाठ ताईंच्या बाजूनं बोलायला मला याच कारणानं यावंसं वाटलं. त्या ज्या जागेचं वर्णन करताहेत ती बैठी आहे. प्रत्येक खोलीचं दार थेट उघड्या चौकात. दोन पावलं टाकली की डोक्यावर आभाळ. बाहेरचं दार एकच आहे हा दोष आहेच, आणि रात्री त्याला कुलूप लावतात का, किल्ली कुठे असते, हे विचारायलाच हवं. तरी सातव्या मजल्यावरच्या, पडदे-गालिच्यांनी भरलेल्या, जिन्याच्या दाराला कुलूप असलेल्या हॉटेलपेक्षा मी माझ्या आईला त्या चौकात झोपवीन. तळघरात मात्र फुकट दिलं तरी नाही.

पेन्शनीतला_प्रवासी

साहेब, डोळे उघडलेत. आम्हाला मिळालेली ती २८ डॉलरची खोली पाचव्या मजल्यावर होती. जिना कुठे आहे हे तीन दिवसांत आम्ही पाहिलंसुद्धा नाही, लिफ्टनंच ये-जा.

चाळीतली झोप मात्र मला परत नको.

वरणभात_तूप

शेगडीचं मान्य. पुन्हा नेणार नाही.

कृष्णाकाठ

दोन दिवस उत्तर द्यायला उशीर केला, कारण ओपांना निरोप पाठवून काही गोष्टी विचारत होते.

एकटीच_निघाले, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. त्या मुलीच्या बाजूनं तुम्ही उभ्या राहिलात. मी तिथे असते तर तुमच्या शेजारी उभी राहिले असते, एवढंच म्हणू शकते. शेजारी कोण येईल हे हातात नसतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. ओपा पुरुषांचे घोळके घेतच नाहीत, असं त्यांनी कळवलंय. पण सगळ्या जागा तशा नसतात, हे खरं.

नांदेडच्या दादा, तुमचं म्हणणं सगळ्यात वर असायला हवं होतं. मी विसरलेच, कारण माझी नोंदणी न विचारता झाली होती. त्या दोघींना आधी तेच लिहून दिलं.

मत मात्र बदललेलं नाही, थोडं आवळलंय. खाट घ्या किंवा खोली घ्या, पण जागा बैठी हवी, चौकाची हवी, नोंदणी करणारी हवी आणि चालवणारं माणूस तिथेच राहणारं हवं. उन्हाळ्यात जाऊच नका. २५ जूनपासूनच्या चाळीस दिवसांना ते 'चिल्ला' म्हणतात, पारा चाळिशी गाठतो. ऑक्टोबर उत्तम, तेव्हा डाळिंबं आणि खरबुजं असतात.

कुलुपाचं विचारलं. रात्री दार आतून फक्त अडसर घालून बंद करतात, किल्ली लागत नाही. बंब स्वयंपाकघराबाहेर उघड्यावर भिंतीला आहे, त्याचा फोटोही आलाय. दुसरा_जिना, तो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, बघून सांगाल का? आणि वरणभात ताई, ओपा म्हणाल्या की एक पातेलं वेगळं काढून ठेवीन, त्यात मांस शिजवणार नाही. त्याच्या कडीला त्यांनी लाल दोरा बांधलाय.

खोरेझमच्या आजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, असंही त्यांनी कळवलंय. आता नीट दिसतं म्हणे.