हॅपीनेसचा तास: सुरुवात मुलांपासून की फिनलंडपासून?

शिडीवाला
मराठी माध्यम, नववी, इंग्रजी बोलण्याचा ३५ मिनिटांचा तास, विषय 'हॅपीनेस'. 'आर यू हॅपी?' विचारलं की साठ तोंडांतून एकच 'येस सर' येतं आणि तास तिथंच बसतो. त्यापेक्षा वहीत शिडी काढायला लावा, तळाला ०, वर १०. आज जिथे आहोत त्या पायरीवर फुली आणि खाली एकच वाक्य: 'आय ॲम ऑन स्टेप सिक्स बिकॉज…'. सात मिनिटं पुरतात. वर्ल्ड हॅपीनेस रिपोर्ट, म्हणजे देशोदेशीच्या लोकांची पाहणी करून दरवर्षी निघणारा अहवाल, त्यातला देशांचा क्रमही अशाच शिडीवरून लागतो.

खडूफळा
साफ विरोध. त्या पाहणीत माणसाला 'आज' विचारत नाहीत, एकूण आयुष्य विचारतात. म्हणजे मोजतात ते समाधान. आपल्याकडे आनंदी, खूश, सुखी, समाधानी सगळ्यांचं 'हॅपी' होतं, तो घोळ पहिल्याच मिनिटाला कशाला? शिवाय बाकावरचा शेजारी डोकावतोच. २ वाटत असलेलं पोर गुपचूप ८ लिहितं. आणि 'बिकॉज'पुढे घरातलं भांडण निघालं तर उरलेल्या तासाचं काय करणार?
फळ्यावर चार देश लिहा: जपान, भारत, फिनलंड, अमेरिका. जोडीनं तीन मिनिटांत क्रम लावायचा, बोलायचं 'आय थिंक जपान इज हॅपिअर दॅन अमेरिका'. मग २०२५ चे क्रमांक उघडा: फिनलंड १, अमेरिका २४, जपान ५५, भारत ११८. 'मोअर हॅपिअर' येणारच, डोक्यात 'जास्त आनंदी' असतं ना. तिथंच दुरुस्त करा.

शिडीवाला
समाधानाचा मुद्दा मान्य. पण त्याच यादीत पाकिस्तान १०९ वर आहे. एकानं तेवढं विचारायचा अवकाश, वर्ग मराठीत भांडायला लागतो आणि इंग्रजी संपतं. शिडीवर 'आज'ऐवजी 'रविवारी संध्याकाळी सहा वाजता' लिहा. दुसऱ्या दिवशीची शाळा, राहिलेला गृहपाठ. कारण सांगायला घरात शिरावं लागत नाही. आकडे मोठ्यानं वाचायचे नाहीत, वह्या गोळा करायच्या नाहीत.

कर्ताकर्म
तुम्ही दोघं कुठून सुरू करायचं यावर भांडताय, पोराच्या हातात वाक्यच नाही. आधी साचा द्या: '… मेक्स मी हॅपी'. नुसता साचा दिलात तर 'प्ले क्रिकेट मेक्स मी हॅपी' येतं. 'प्लेइंग' सांगितलंत तर 'क्रिकेट प्लेइंग मेक्स मी', कारण मराठीत क्रिकेट आधी, खेळणं मागून. म्हणून फळ्यावर दोन खडू: पांढऱ्यानं 'प्लेइंग', पिवळ्यानं 'क्रिकेट', मधून बाण.
मग बारा चिठ्ठ्या: ऑफ पिरियड, सर्प्राइज टेस्ट, ईटिंग पाणीपुरी असलं काहीतरी. चिठ्ठी उचलायची, वाक्य बोलायचं. नकाराला 'डझन्ट मेक'. तिथं हमखास 'डझन्ट मेक्स' होतं, त्यावर दोन मिनिटं जास्त घाला.

खडूफळा
चिठ्ठ्या चालतील, पण साठ जणांत बाराच बोलले. बाकीचे ४८?

कर्ताकर्म
रांगेला एक संच. पाच रांगा, पाच संच, चिठ्ठी मागे सरकवत न्यायची. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.